उधारी, गावकी आणि लाल बावटा



मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली ती १८५४ साली, आणि ताडदेवच्या त्या गिरणीत सूत निघू लागले १८५६ मध्ये. पुढच्या सत्तर वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, डिलाईल रोड, वरळी या पट्ट्यात धुराडी उभी राहिली आणि १९२०च्या दशकात गिरणी कामगारांची संख्या दीड लाखाच्या घरात गेली. हेच गिरणगाव. त्याचा इतिहास बहुधा संपांच्या तारखांनी आणि पुढाऱ्यांच्या नावांनी सांगितला जातो: लोखंडे, ना. म. जोशी, डांगे, सामंत. तो खोटा नाही. पण त्यात एक प्रश्न राहून जातो. १९२८ साली जवळजवळ दीड लाख माणसे एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत पगाराशिवाय राहिली, ती कशाच्या जोरावर? संप सुरू झाला तेव्हा लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन स्थापनही झालेली नव्हती. ती संप चालू असताना मे महिन्यात झाली. तिच्या तिजोरीत सहा महिने पुरेल एवढा पैसा असण्याचा प्रश्नच नव्हता. मग ही माणसे जेवली कुठे? वाण्याने काय केले? खोलीच्या भाड्याचे काय झाले?

हे प्रश्न किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात संप टिकणार की मोडणार, हे त्यांच्यावरच ठरत असे.

गिरणीत येणारा माणूस मुळात होता कोण, इथून सुरुवात करावी लागते. सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच होता. त्याखालोखाल सातारा, कोल्हापूर, पुणे या घाटावरच्या भागांतली माणसे. मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, शिवाय तेलंगणाकडचे पद्मशाली. कोकणातली जमीन तुकड्यातुकड्यांची, खोताच्या ताब्यातली आणि पोटाला न पुरणारी. मुंबईचा पगारही बायकामुलांसह बिऱ्हाड करायला न पुरणारा. म्हणून एकच कुटुंब दोन ठिकाणी जगू लागले. म्हातारी माणसे, बायको आणि मुले गावी, कमावता पुरुष मुंबईत, आणि दोहोंना बांधणारी मनीऑर्डर. शिमग्याला, गणपतीला आणि लावणीला माणूस गावी जाई.

मालकांचा आणि सरकारी अहवालांचा यावरचा निष्कर्ष ठरलेला होता. हा खरा कामगार नव्हेच, हा शेतकरी. याचे मन गावात, याला शिस्त नाही आणि याच्याकडून टिकाऊ संघटना होणार नाही. पुढे काही डाव्या अभ्यासकांनीही थोड्या वेगळ्या शब्दांत हेच म्हटले. शेतीची नाळ तुटल्याशिवाय कामगार घडत नाही, असे ते सूत्र. मुंबईने ते पार उलटे करून दाखवले. गावाचा आधार होता म्हणूनच लांब संप झेपत होता. संप लांबला की हजारो कामगार बोटीने किंवा रेल्वेने गावी जात. त्यामुळे शहरात खाणारी तोंडे कमी होत, उरलेल्यांच्या वाट्याला उधारी थोडी जास्त येई आणि संप मोडायला लागणारे हात मालकांना मिळणे अवघड होई. तोटा अर्थात होताच. पावसाळ्यात लावणीसाठी गेलेला माणूस संप मिटल्यावर वेळेत परतला नाही, तर त्याचा साचा दुसऱ्याच्या हाती जाई.

गाव मुंबईतही होते. एका गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेली खोली ही गिरणगावातली फार महत्त्वाची संस्था. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस जण. भिंतीला लागून ट्रंका, वर वळकट्या. दिवसपाळीचा माणूस कामावर निघाला की रातपाळीवाल्याने त्याच जागेवर अंग टाकायचे. खोलीची वर्गणी असे, तिचा हिशेब असे, हिशेबावरून भांडणे होत आणि ती सोडवायला बैठकही बसे. गावच्या देवळाची डागडुजी, कुणाचे आजारपण, कुणाचे मयत, नव्या पोराला गिरणीत चिकटवणे, सगळे याच बैठकीत ठरे. पुढे युनियनला जे शिकवावे लागते, ते इथे आधीच चालू होते: दरमहा वर्गणी देणे, चोख हिशेब मागणे, चारचौघांत ठरलेले पाळणे, न पाळणाऱ्याला बाजूला टाकणे. गावकीची वर्गणी देणाऱ्या हाताला युनियनची पावती नवी नव्हती.

सगळ्या गिरणगावात अशाच खोल्या होत्या, असे मात्र नाही. बिऱ्हाडे करून राहणारी कुटुंबेही पुष्कळ होती. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने नायगाव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी बांधल्या, त्यांतही एका खोलीचा एक संसारच धरलेला होता. चाळ पत्र्याची असो की सिमेंटची, नळ सामायिक, संडास सामायिक आणि गॅलरीही सामायिक. एका दारातली बातमी दहा मिनिटांत साऱ्या मजल्यावर पोहोचे. हँडबिल वाचता न येणाऱ्या माणसांच्या वस्तीत याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

आता मुकादम. गिरणीत त्याला जॉबर म्हणत, बायकांच्या खात्यावर नाईकीण असे. भोंगा झाला की फाटकाशी बदली कामगारांची गर्दी उभी राही आणि त्यांतून कुणाला आत घ्यायचे ते मुकादम ठरवी. नोकरी देताना तो दस्तुरी घेई. पुष्कळदा खोली मिळवून देणारा तोच, अडीनडीला कर्ज देणारा किंवा कर्जाला जामीन राहणारा तोच. असा माणूस मालकाचाच, असे कुणीही म्हणेल. पण त्याची ताकद आली कुठून? त्याच्यामागे माणसे होती, म्हणून. ती माणसे गावची, आळीतली, तालमीतली. सकाळी साच्यांवर माणसे उभी करून देता आली नाहीत तर मालकाच्या लेखी मुकादमाची किंमत शून्य. म्हणून वस्तीचे मन फिरले की मुकादमालाही फिरावे लागे. १९१९च्या जानेवारीत लाखाहून अधिक कामगारांनी काम बंद केले, तेव्हा त्यांची नाव घेण्याजोगी एकही युनियन नव्हती. महायुद्धाने धान्य आणि कापड महाग केले होते, पगार मागे पडला होता. निरोप एका गिरणीतून दुसरीत गेला तो मुकादमांच्या, गावकऱ्यांच्या आणि चाळींच्या वाटांनी. १९२०च्या आरंभी पुन्हा तेच घडले. ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन मुंबईत भरले ते त्यानंतर, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर. म्हणजे संप आधी झाला, संघटना मागून आली.

इथे थोडे थांबून उधारीकडे वळले पाहिजे, कारण या विषयाचा गाभा तिथे आहे.

गिरणीचा पगार महिन्याने मिळे, तोही महिना संपल्यावर लगेच नव्हे. जानेवारीचा पगार फेब्रुवारीच्या मध्याला हातात पडे. नवीन लागलेल्या माणसाला पहिला पैसा पाहायला दीड महिना जाई. तोवर खायचे काय? वाण्याकडून उधार धान्य. वाणी उधारी देई ती माल चढ्या भावाने लावून. वाण्याने हात आखडला की पठाण किंवा मारवाडी सावकार. रुपयाला महिन्याला एक आणा हा व्याजाचा नेहमीचा दर होता. वर्षाला तो शेकडा पंचाहत्तर पडतो. पठाण पगाराच्या दिवशी काठी घेऊन गिरणीच्या फाटकाशी उभा राही. साच्यावर कपडा खराब निघाला तर काही गिरण्यांत तो विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून कापून घेत. म्हणजे पगार हाती येईपर्यंत त्याला चार वाटेकरी झालेले असत.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेऊन जे मागणीपत्र तयार केले, त्यात दर रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि जखमी कामगाराला मदत या मागण्यांच्या बरोबरीने आणखी एक मागणी होती: मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. हे मागणे किती साधे! त्यात पगारवाढ नाही, फक्त तारीख आहे. पण लोखंडे सत्यशोधक होते, कामगारांत वावरत होते आणि गळफास नेमका कुठे बसतो हे त्यांना ठाऊक होते. रविवारची सुटी १० जून १८९० रोजी मान्य झाली. पगाराची तारीख कायद्याने बांधली जायला १९३६चा पगारवाटप कायदा यावा लागला. मधे बावन्न वर्षे गेली.

उधारीची दुसरी बाजूही आहे. वाण्याचे पैसे कामगाराकडे अडकले की वाणीही कामगाराशी अडकतो. संप पडला आणि वाण्याने धान्य बंद केले, तर कामगार गावी निघून जाणार आणि जुनी बाकी बुडणार. म्हणून पहिले काही आठवडे तो देतच राही. घरमालकाचेही तसेच, हजारो भाडेकरूंना एकदम बाहेर काढून खोल्या कुणाला देणार? थोडक्यात, संपाचे भांडवल कामगारांच्या खिशात नसून त्यांच्या देण्यात होते. देणे ज्यांचे थकले त्यांनाच संप निभावून न्यावा लागे. हा विचित्र व्यवहार कुठल्याही युनियनच्या घटनेत लिहिलेला नाही, पण १९२८चा संप त्याच्या टेकूवर उभा होता. आणि हा टेकू सुटला की संप कोसळे. १९२९च्या संपात तेच झाले: आदल्या वर्षीची बाकी फिटलेली नव्हती, नवी उधारी कोण देणार?

या व्यवहारात सर्वांत जवळची कडी खानावळीची. एकट्या पुरुषांच्या वस्तीला दोन वेळचे जेवण हवे, ते चालवले बायकांनी. एखादी विधवा, एखादी नवऱ्याने टाकलेली, एखादीचा नवरा गिरणीतच कामाला. तिच्या खोलीत दहा-वीस जणांचे जेवण शिजे. पैसे महिन्याने, पगार झाल्यावर. खानावळवाल्या बाईकडे वाण्यासारखे दुकान नव्हते आणि सावकारासारखी काठीही नव्हती. ती स्वतः वाण्याकडून उधार आणी आणि जेवणाऱ्यांना उधार घाली. तरीही संपाच्या काळात ताट वाढणे तिने पुष्कळदा थांबवले नाही. दागिने गहाण पडले, भांडी गेली. कामगार चळवळीच्या इतिहासात या बायकांची नावे शोधून सापडत नाहीत, ही त्या इतिहासाची लाज आहे. त्यांची संघटना झाली ती फार उशिरा. गोवा मुक्तिसंग्रामातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि खानावळवाल्यांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळू लागले.

या पार्श्वभूमीवर १९२८ नीट दिसते. मालकांनी रॅशनलायझेशन आणले: कातणाऱ्याने एकाऐवजी दोन बाजू सांभाळायच्या, विणकराने दोनाऐवजी तीन साचे. याचा अर्थ काहींची नोकरी जाणार आणि उरलेल्यांचे काम वाढणार. संप सुरू झाला आणि डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे ही शिकलेली तरुण मंडळी, तसेच अर्जुन आळवे आणि कासले हे गिरणीतलेच कामगार पुढे आले. ना. म. जोशींच्या मवाळ युनियनसह संयुक्त संपसमिती झाली. पण नव्या युनियनचे खरे बळ गिरणी समित्यांत होते. प्रत्येक गिरणीतले, खात्याखात्यातले कामगार समितीवर. रात्री सभा, सकाळी नाक्यावर पहारा. पहारा फाटकापेक्षा नाक्यावर आणि चाळीच्या जिन्यावर अधिक, कारण कामावर जाणाऱ्याला निघावे लागे ते तिथूनच. मालकांच्या बाजूचे दादाही याच गल्ल्यांत होते, लाल बावट्याचेही होते. तालीम दोघांनाही माणसे पुरवी. वर्ष संपताना युनियनची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या वर गेली होती. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यात पुढारी पकडले गेले, त्या वर्षीचा संप फसला आणि सभासदसंख्या कोसळली. तरी १९३४ साली पुन्हा सार्वत्रिक संप झालाच. कार्यालयाला टाळे लागले, तरी चाळींना आणि खोल्यांना टाळे लावता येत नव्हते.

मात्र जगण्याची वीण जिथे तुटलेली होती, तिथे युनियनचीही वीण तुटली. ही गोष्ट लाल बावट्याच्या गौरवकथांत सहसा दडवली जाते. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नाही. कारण काय? कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि सवर्ण कामगार म्हणत, विटाळ होतो. पाण्याची भांडीही वेगळी. गावच्या खोलीत जात सोबत आली होती, चाळीत ती भिंत होऊन उभी राहिली होती आणि गिरणीत तिने पगार ठरवला. डॉ. आंबेडकरांनी १९२८च्या संपाच्या वेळी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. भांडवलशाहीविरुद्धच्या एकजुटीची हाक देणाऱ्यांना ही भिंत हलवण्याची घाई नव्हती. १९२९च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला, तो या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. पुढे १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, संपाच्या हक्कावर बंधने आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, तो पक्ष आणि कम्युनिस्ट एका दिवसाच्या संपात एकत्र उतरले. ती जवळीक टिकली नाही.

बायकांचेही असेच. १९२०च्या दशकात गिरण्यांतल्या कामगारांत सुमारे एकपंचमांश स्त्रिया होत्या, बहुतेक वायंडिंग आणि रिळाच्या खात्यांत. १९२८-२९च्या संपांत त्या पिकेटिंगला उभ्या राहिल्या. पण यंत्रे बदलली, रातपाळी त्यांना कायद्याने बंद होती, १९२९च्या कायद्याने बाळंतपणाचा भत्ता द्यावा लागू लागला, आणि मालकांनी त्यांची भरती कमी केली. युनियन्सनी निषेध केला, पण पुरुषाचा रोजगार वाचवताना जेवढी तलवार उपसली तेवढी इथे नाही. घरचा कर्ता पुरुष ही कल्पना युनियनच्या कार्यालयातही बसलेली होती.

राजकारण या वस्तीत निवडणुकीच्या सभांतून आले नाही. टिळकांना जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या, वर्षाला एक दिवस. दूर बसलेल्या लेनिनने त्या संपाची दखल घेतली. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांचे बंड झाले, तेव्हा परळ-लालबाग रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात माणसे पडली. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांत गिरणी कामगार मोठ्या संख्येने आहेत, आणि १९५७ साली डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर प्रचंड मतांनी निवडून गेले. वर्ग, राष्ट्र आणि भाषा हे तीन वेगळे झेंडे असे पुस्तकात वाटते. नाक्यावरच्या माणसाला तसे वाटत नव्हते. गावची दिंडी, भजनी मंडळ, गणपती आणि लाल बावट्याचे कलापथक एकाच पटांगणात उभे राहत. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले. अण्णाभाऊ स्वतः गिरणीत राबलेले होते आणि तमाशाचा बाज त्यांना कुणाकडून शिकावा लागला नाही. लोक हसत, टाळ्या वाजवत आणि दुसऱ्या दिवशी सभेला येत.

हीच पटांगणे पुढे दुसऱ्या कुणाचीही होऊ शकत होती, आणि झाली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने शाखा काढल्या त्या याच गल्ल्यांत, आणि आधार घेतला तो याच मंडळांचा आणि तालमींचा. बेकार तरुणाला शाखेत बसायला जागा, ओळख आणि काम लावून देणारा कुणीतरी मिळाला. जून १९७० मध्ये लालबागचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्या जागेवरच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला. कामगार रातोरात बदलला, असे नव्हे. दिवसा लाल बावटा आणि रात्री शाखा, असे एकाच घरात चालत होते. नोकरीचे भांडण एकाकडे न्यायचे, नळाचे दुसऱ्याकडे.

दरम्यान कायद्याने युनियनला वस्तीपासून तोडले होते. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच प्रातिनिधिक युनियनला बोलणी करण्याचा हक्क दिला. तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला आणि तिथेच राहिला. कामगारांना ती युनियन नको झाली तरी कायद्याने प्रतिनिधी तीच. ऑक्टोबर १९८१ मध्ये बोनसवरून चिडलेले कामगार घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांच्या दारात गेले, त्याचे कारण हे. सामंत खाणकामगारांत दवाखाना चालवताना कामगार पुढारी झालेले. कापडधंद्यात त्यांचा अनुभव बेताचा. त्यांना निवडले ते कामगारांनी.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. १९२८चीच साधने पुन्हा बाहेर निघाली: गावी परतणे, गावोगावहून आलेले धान्य, वाण्याची उधारी, खानावळीचे ताट. या वेळी ती पुरली नाहीत. पूर्वी कामगार गावी गेला की गिरणी थांबे आणि मालकाचे नुकसान होई. आता भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीचे माग धडधडत होते. मालकांना कापड तिथून मिळत होते, आणि काही संपकरीही पोटासाठी त्याच मागांवर जाऊन उभे राहिले. गिरणी बंद राहिली तरी बिघडत नाही, एवढेच नव्हे तर तिच्याखालची जमीन सोन्याची आहे, हा हिशेब मालकांना हळूहळू कळला. सरकारने १९८३ मध्ये तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या. संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. सामंत १९८४ मध्ये लोकसभेवर निवडून आले, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेतही. गिरण्या मात्र हजारो कामगारांना परत मिळाल्या नाहीत.

त्यानंतरची चळवळ गिरणीच्या जमिनीची आणि घरांची. बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने दत्ता इस्वलकरांच्या नेतृत्वाखाली २ ऑक्टोबर १९८९ पासून उपोषण केले. पुढे जमिनीचा काही भाग कामगारांच्या घरांसाठी ठेवण्याचा नियम झाला आणि २०१२ मध्ये म्हाडाने घरांची मोठी सोडत काढली. पात्रतेची तारीख १ जानेवारी १९८२. त्या दिवशी वा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याचा पुरावा द्यायचा: तिकीट, पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधीचा कागद. अर्जदार आता सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर अशा जिल्ह्यांत पांगलेले. त्यांच्यापर्यंत अर्जाचे नमुने आणि तारखा पोहोचल्या त्या तालुक्यांतल्या मेळाव्यांतून आणि गावच्या मंडळांतून. कागद ट्रंकेत जपून ठेवलेल्यांचे काम सोपे झाले. वर्षानुवर्षे बदलीवर राबलेल्यांना मात्र आपण कामगार होतो हेच सिद्ध करणे जड गेले.